मागच्या खुर्चीतले भावजी

४ फेब्रुवारी, मंगळवार

यांचं विमान म्हातारं झालं, असं कंपनीने आज पत्राने कळवलं. एकटं यांचंच नव्हे, सोळाच्या सोळा. उन्हाळा सरायच्या आत सगळी मोडीत निघणार आणि त्यांच्या जागी अकरा नवी येणार. मालवाहू विमानं ती. आत खोकी असतात, माणसं नसतात, त्यामुळे रंग उडाला काय नि पत्रा कुरकुरला काय, आजवर कोणी तक्रार केली नव्हती. पण फार इंधन पितात आणि सुटे भाग मिळत नाहीत, असं पत्रात आहे.

यांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि चष्म्याच्या डबीत ठेवून दिलं. म्हणाले, "चहा टाक."

मी म्हटलं, "आणि पुढे?"

"पुढे साखर घाल."

संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे भावजी आले. रक्ताचे दीर नव्हेत, पण सव्वीस वर्षं भावजी म्हणते आहे. जुन्या विमानात तीन माणसं लागतात. पुढे डावीकडे कप्तान म्हणजे हे, उजवीकडे सहवैमानिक, आणि दोघांच्या पाठीमागे फ्लाइट इंजिनिअर म्हणजे भावजी. त्यांच्यासमोर भिंतभर घड्याळं आणि बटणं. कुठल्या टाकीतलं इंधन कुठे वळवायचं, तेल तापलं का, आत हवा किती, सगळं तेच बघणार. हे त्यांना पाठीराखे म्हणतात. नव्या विमानात दोनच खुर्च्या. मागचं सगळं काम म्हणे एक पडदा करतो.

भावजी हसतच आत आले. "वहिनी, कप्तानाला पानभर पत्र आणि मला चार ओळी. त्यातल्या दोन पत्त्याच्या."

मी देवापुढे दिवा लावत होते. त्यांच्यासाठीही हात जोडले आणि कप भरून दिला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मॅट्रिकला गणितात माझे गुण चांगले होते, त्याचा उपयोग घरखर्चाच्या वहीपलीकडे कधी झाला नाही. आज केला. एका विमानामागे माणसांचे पाच संच लागतात, कारण माणसाला झोप लागते नि विमानाला लागत नाही. सोळा विमानं, पाच संच, प्रत्येकी तिघं. दोनशे चाळीस माणसं. आता अकरा विमानं, पाच संच, दोघं. एकशे दहा. यांना विचारलं, मधली एकशे तीस गेली कुठे?

"सांडली," म्हणाले. आणि मग, "तू असली गणितं नको करूस बाई."

कोण राहणार ते नोकरीला लागल्याच्या तारखेवरून ठरतं. यांचा नंबर एकोणचाळीस, म्हणजे जागा आहे. यांच्या उजवीकडे बसणारी सहवैमानिक मुलगी, जिला हे धाकटी म्हणतात, तिचा नंबर एकशे बारा. दोन नंबरांनी बाहेर. आठ वर्षं शिकली, कर्ज काढून शिकली, आणि दोन नंबरांनी बाहेर.

पण नुसती जागा असून भागत नाही. नव्या विमानाचं शिक्षण घ्यायचं आणि खोट्या विमानात परीक्षा द्यायची. खोटं विमान म्हणजे खोलीएवढी पेटी, आत खऱ्यासारखं सगळं असतं नि ती पायांवर हलते. तीन वेळा बसायला मिळतं. तिसऱ्यांदाही जमलं नाही तर निरोप. परत जुन्याकडे जाता येत नाही, जुनं उरलेलंच नसणार. हे घरही कंपनीचं.

नाहीतर या वीस तारखेच्या आत आपणहून अर्ज द्यायचा आणि मानाने घरी बसायचं. वर्षभर घर ठेवू म्हणतात. यांना छप्पन्न पूर्ण झाली. साठीपर्यंत उडवता येतं.

"काय करू, तू सांग," म्हणाले. या माणसाने आजवर मला भाजी कुठली आणू हेसुद्धा विचारलं नव्हतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी मी तासभर देवापुढे बसले. मनात एकदम आलं की हा माणूस घरात बसला तर सुकून जाईल. उठून सांगितलं, "परीक्षा द्या. मी आहे." सांगताना आवाज खणखणीत निघाला, त्यावरून वाटलं की देवाचंच म्हणणं असेल.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

शिक्षणवर्ग सुरू झाला. यांनी तिथून नव्या विमानाच्या पुढच्या भागाची चित्रं आणली. बटणं, पडदे, मुठी, सगळं कागदावर. घरी भिंतीला लावून त्यावर हात फिरवून सराव करायचा असतो. पूर्ण आकारात छापून घे, असं यांनी सांगितलं होतं. छपाईवाल्याने पूर्ण आकाराचा भाव सांगितला तेव्हा मला घेरीच यायची राहिली. "पाऊण आकारात काढा," म्हटलं. निम्म्या पैशात झालं. अक्षरं स्पष्ट आहेत.

मोकळी भिंत घरात नाहीच. म्हणून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारांना चिकटवलं. आता डाव्या इंजिनाची मूठ मिठाच्या बरणीच्या समोर येते, आणि मीठ काढायचं तर आधी विमान उघडावं लागतं.

डाव्या खुर्चीत हे बसतात. मी उजवीकडे, हातात पुठ्ठ्याची कार्डं घेऊन. नव्या विमानात काही बिघडलं की पडदा अक्षरं दाखवतो. तो पडदा म्हणजे मी. इंग्रजी मला अडखळत वाचता येतं, त्यामुळे आमच्या घरातलं इंजिन जरा सावकाश पेट घेतं.

मधेच भावजी वरून आपलं स्टूल घेऊन उतरले. यांच्या मागे मांडलं नि बसले. कोणी सांगितलं नव्हतं.

"पाठीराखे, या विमानात तुमची खुर्ची नाही," हे म्हणाले.

"माहिती आहे. म्हणून घरून आणली."

तिघं पोट धरधरून हसलो. किती दिवसांनी.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

काल अर्जाची मुदत संपली. यांनी अर्ज दिला नाही. धाकटी फोनवर म्हणाली, "काकू, सर झकास करतील." तिच्या आवाजात काही खोट नव्हती. स्वतःचं कुठे काही जमतंय का विचारलं, तर म्हणाली, बघते आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

सराव दृष्ट लागेल असा चालला आहे. मी कार्ड दाखवते, हे पहिलं वाक्य म्हणतात, आणि दुसरं यांच्या तोंडून निघायच्या आत मागून भावजी म्हणतात, "झालं." इंधन वळवायचं असो की पंप बंद करायचा असो, यांनी मान नुसती कलती केली की मागून "झालं". भावजींनी नव्या विमानाची पुस्तकं यांच्याआधी वाचून काढली. ज्या विमानात त्यांना जागा नाही त्याचं पान न् पान पाठ. आणि सवय अशी की म्हणताना हातसुद्धा पुढे करतात. परवा तो माझ्या फडताळाला लागला आणि दोन वाट्या फुटल्या. मी एक अक्षर बोलले नाही.

त्यामुळे यांना निम्मं काम करावंच लागत नाही. कसे निवांत दिसतात. देवाने अशी माणसं आधीच जवळ आणून ठेवलेली असतात, आपल्याला कारण मागाहून कळतं.

५ मार्च, बुधवार

पहिल्या परीक्षेत गेले. म्हणजे नापास. दोन वेळा लिहून बघितलं, तरी शब्द तोच.

वेळ फार लागला म्हणे. आग लागल्याचं कार्ड, म्हणजे तिथला पडदा, आला, यांनी पहिलं काम बरोबर केलं आणि मग थांबून राहिले. कशासाठी थांबलात, असं परीक्षकाने विचारलं, तर यांना सांगता येईना.

मला ऐकल्या ऐकल्या जाणवलं, दोष माझा आहे. पाऊण आकार! हात घरी जवळच्या बटणाला सरावला आणि तिथे बटण दूर. रडत रडत यांना सांगितलं. हे म्हणाले, "अगं, त्याने काही होत नाही. अर्ध्या वैमानिकांकडे वहीएवढी चित्रं असतात." माझं मन राखायला म्हणाले. उद्या पूर्ण आकारात छापून आणते.

८ मार्च, शनिवार

नवी चित्रं आली. कपाट पुरलं नाही, अर्धं विमान खिडकीवर गेलं. स्वयंपाकघरात आता दिवसाही दिवा लावावा लागतो. लागू दे.

जेवताना हे एकदम म्हणाले, "तिथे मागे एक माणूस बसलेला असतो, पण तो बोलत नाही."

"कोण?"

"परीक्षक."

"परीक्षक तो, कशाला बोलेल?" मी म्हटलं.

"तेच," म्हणाले आणि ताटातलं तसंच ठेवून उठले.

यांना एकटं वाटतं तिथे. भावजींना सांगितलं, घरी तरी अंतर देऊ नका. आता भावजी सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा येतात.

१७ मार्च, सोमवार

लेकीचा फोन. ती दूरच्या गावी दवाखान्यात परिचारिका आहे. म्हणाली, "आई, बाबांवर जोर नको करूस." मी म्हटलं, जोर कोण करतंय, आम्ही तिघं मजेत सराव करतो. "तिघं?" म्हणाली. मग तिला कोणी हाक मारली नि फोन ठेवावा लागला.

२५ मार्च, मंगळवार

दुसऱ्यांदाही नाही.

आग विझवली, उतरवलं छान, वादळात वळवलंही. एका टाकीतून दुसऱ्या टाकीत इंधन न्यायचं तेवढं राहून गेलं. पडदा सांगत होता म्हणे, आणि यांनी "हो" म्हणून सोडून दिलं. उजवीकडच्या माणसाला वाटलं हे करतील. विमान एका अंगाला जड झालं. परीक्षकाने पेटी थांबवली.

मला हे समजतच नाही. आमच्याकडे इंधनाचं काम एकदाही राहिलेलं नाही. रोज दोन वेळा करतो, आणि दोन्ही वेळा वेळेच्या आधी "झालं".

म्हणजे दोष आकाराचाही नव्हता. मग कशाचा? माझी प्रार्थना कमी पडते का? आजपासून एक वेळ जेवणार आहे, निकाल लागेपर्यंत. यांना सांगणार नाही, उगाच रागावतील.

२८ मार्च, शुक्रवार

हे म्हणाले, "आज आपण दोघंच करू या का? पाठीराख्यांना नको बोलवायला."

का ते विचारलं तर म्हणाले, "उगाच. बघू."

केलं. फार वाईट झालं. मी पंपाचं कार्ड दाखवलं, हे बोलले नि गप्प बसले. मी वाट पाहिली. घड्याळाचा काटा फिरतो आहे आणि हे समोर कपाटाकडे बघताहेत, हात मांडीवर. मग दचकून स्वतःच बटणापर्यंत हात नेला. दुसऱ्या कार्डालाही तेच. तिसऱ्याला जरा कमी वेळ लागला, पण कपाळावर घाम. एवढ्याशा गोष्टीला घाम! म्हटलं, पुरे, हे काही चालायचं नाही, जिन्यातून हाक मारते.

हे म्हणाले, "थांब जरा, अजून दोन करू."

मी थांबले नाही. डोळ्यांसमोर माणूस बुडताना कोण बघत बसेल? भावजी आले, स्टूल मांडलं, आणि पंधरा मिनिटांत गाडी पुन्हा रुळावर.

१ एप्रिल, मंगळवार

आज भावजी आलेच नाहीत. जिन्यातून हाक मारली तर वरूनच म्हणाले, "वहिनी, मी आता येत नाही. कप्तानाला एकट्याला करू द्या."

परीक्षा नऊ तारखेला. शेवटची. आणि आता हे?

मला काय वाटलं ते लिहिते, देव क्षमा करो. वाटलं, यांना जागा मिळणार आणि आपल्याला नाही, हे शेवटी भावजींच्या मनात आलंच. सव्वीस वर्षांच्या सोबतीचा माणूस, पण माणूसच. महिन्याअखेर त्यांना कंपनीची खोली सोडायची आहे. खोक्यांत सामान भरताना वाईट विचार येत असतील.

यांना सांगितलं. हे म्हणाले, "नाही येत तर नको येऊ देत." इतकंच. यांच्या डोळ्यांत मला सुटल्यासारखं काहीतरी दिसलं. मी त्याला निराशा म्हणते.

२ एप्रिल, बुधवार

मी गेलेच वर. एक खोली, एक खाट, भिंतीला टेकवलेली खोकी. बायको जाऊन अकरा वर्षं झाली, पण खोली लख्ख. जमिनीवर नव्या विमानाची पुस्तकं उघडी पडली होती.

मी बसलेही नाही. "भावजी, सव्वीस वर्षं मागे बसलात आणि ऐन वेळी उठून गेलात?"

"सव्वीस वर्षं बसलो, म्हणूनच उठलो वहिनी."

"हे काय बोलणं झालं? तुम्ही असलात की सगळं बरोबर येतं. नसलात की यांना घाम फुटतो. डोळ्यांनी पाहिलं मी."

"फुटू द्या घाम. थोडे दिवस फुटू द्या."

हे ऐकून माझा तोल गेला. म्हटलं, "मी आजवर तुम्हाला घरचं समजले. आता येणार नसाल तर मी एवढंच समजेन की यांची खुर्ची राहिली आणि तुमची गेली, ते तुमच्या पोटात दुखतं."

भावजींचा चेहरा असा झाला की मला जिना उतरावासा वाटला. बराच वेळ हातातली दोरी गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "असं समजू नका वहिनी. बाकी काहीही समजा."

"मग या."

संध्याकाळी आले. स्टूल ठेवलं नि बसले. पहिल्या दोन कार्डांना तोंड मिटून होते. मी मागे वळून भावजींकडे नुसतं बघितलं. तिसऱ्याला "झालं" म्हणाले. मग सुरळीत चाललं.

वाईट बोलले, पण काम झालं. बोललेल्याची क्षमा परीक्षा झाल्यावर मागेन.

८ एप्रिल, मंगळवार

सगळा सराव एकदाही न चुकता. सात वेळा पहिल्यापासून शेवटपर्यंत. भावजींनी जाताना यांच्या खांद्यावर हात ठेवला. हे म्हणाले, "पाठीराखे, उद्या पेटीत लपून येता का?" विनोदच तो, पण दोघांपैकी कोणी हसलं नाही म्हणून मी हसले.

यांचा शर्ट इस्त्री केला. दोनदा.

१० एप्रिल, गुरुवार

झालं नाही.

काल संध्याकाळी हे चालत आले. बस असताना चालत. दार मी उघडलं. हातपाय धुतले, स्वयंपाकघरात गेले आणि कपाटावरची चित्रं एकेक करून काढायला लागले. फाडली नाहीत. चिकटपट्टी नखाने सोडवून, कपाटाचा रंग निघणार नाही अशी. मी दुसरी बाजू धरली.

आज निकालाचा कागद आला. शब्दकोश घेऊन वाचला. हात बरोबर चालतात, आवाज शांत आहे, उतरवणं उत्तम. मग खाली लिहिलं आहे: बिघाडाच्या वेळी कप्तान काम स्वतः पुरं न करता थांबतात आणि उजव्या खांद्यावरून मागे पाहतात. पाच वेळा.

यांना विचारलं, "मागे काय बघत होतात?"

"काही नाही. परीक्षक होता. वहीत लिहीत होता."

"मग त्याच्याकडे कशाला बघायचं?"

"नाही बघायला पाहिजे होतं."

एवढ्यावर कळलं ते इतकंच की घाबरून मदतीसाठी बघितलं असेल. इतकी तयारी करून गेलेला माणूस घाबरला कसा? मी आहे, असं सांगितलं होतं. मी होते ना. कार्ड दाखवत होते, उपास करत होते, दिवा लावत होते. याहून आणखी काय असायचं असतं?

१३ एप्रिल, रविवार

धाकटी आली. आत येऊन उभीच राहिली. तिला काल पत्र मिळालं. वरच्यांपैकी दोघं गळले, त्यामुळे एकशे बारा नंबर आत आला. त्या दोघांतले एक हे.

"काकू, मला आनंद झालाय आणि मला त्याची लाज वाटतेय," म्हणाली आणि ओठ चावत राहिली.

मी तिला जवळ घेतलं. तिच्या कर्जाचं मला माहीत आहे. हे बाहेर आले, म्हणाले, "धाकटे, सराव कोणाबरोबर करतेस?"

"कोणाबरोबर नाही सर. एकटीच. आरशासमोर."

"बरं करतेस," म्हणाले. "एकटीच कर."

ती गेल्यावर मी यांना म्हटलं, बिचारीला सोबत कोणी नाही, आपण तिला बोलवू या का, भावजीही आहेत. हे माझ्याकडे इतका वेळ बघत राहिले की मी पदराला काही लागलंय का ते पाहिलं. मग म्हणाले, "तू फार चांगली आहेस." त्यांच्या तोंडी हे वाक्य लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं, पण सुख वाटलं नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार

शेवटचं जुनं विमान आज मोडीच्या जागी न्यायचं होतं. तिथे कोरडी हवा असते, पत्रा गंजत नाही, सगळी ओळीने उभी करून सुटे भाग काढून घेतात. न्यायला तीच तिघं: हे, धाकटी आणि भावजी. यांचं नि भावजींचं कंपनीतलं हे शेवटचं काम. जुन्याला अजून तीन माणसं लागतात. कंपनीने घरच्यांना कुंपणापर्यंत सोडलं.

तिघं शिडी चढले. भावजी मागे. वर गेल्यावर यांनी वळून हात केला, तो मला की भावजींना, लांबून कळलं नाही. विमान रिकामं होतं, त्यामुळे चटकन वर गेलं. मी नाम घेत उभी होते. शेजारी एक कामगार टोपी काढून उभा होता, तो म्हणाला, "बाई, आता पोचेल ते. त्याला कुठे घाई आहे?"

२७ एप्रिल, रविवार

हे परत आले. गाडीने, दीड दिवसाचा प्रवास. भावजी दुसऱ्या डब्यात बसले होते म्हणे, तिकिटं वेगळी मिळाली. ते आल्या आल्या वर गेले.

चहा घेताना हे आपणहून बोलायला लागले. "इंजिनं बंद केली, कागदांवर सह्या झाल्या, धाकटी उतरली. पाठीराखे म्हणाले, कप्तान, एकदा माझ्या खुर्चीत बसून बघा. बसलो. तिथून काय दिसतं सांग?"

"घड्याळं."

"ती बाजूला. मान जरा वळवली की पुढे काय दिसतं?"

"आकाश?"

"माझं डोकं! सव्वीस वर्षं माझं डोकं. मागचे केस कधी गेले ते मला ठाऊक नाही, पाठीराख्यांना तारीखवार ठाऊक. म्हणाले, तुमची मान सुपारीएवढी हलली तरी मला कळायचं काय हवंय, तुम्ही बोलायची गरजच पडली नाही कधी." हे हसत होते. हसता हसता कप खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मला ऐकून भरून आलं. एवढं ओळखणारी माणसं आता कोणाला मिळतात?

म्हटलं, "रात्री त्यांना जेवायला बोलवते."

"नको."

"का? भांडलात?"

"भांडलो नाही. आम्ही कशाला भांडू? थोडे दिवस नको बोलवूस. त्यालाच आवडणार नाही."

सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच हे त्यांना 'तो' म्हणाले. रागाने नव्हे. लहान भावाबद्दल बोलावं तसं.

३० एप्रिल, बुधवार

भावजी आज खोली सोडून गेले. बहिणीकडे राहणार. सकाळी मी न राहवून वर डबा पाठवला होता, वाटेत खायला. मी बोललेल्या त्या शब्दांची क्षमा मागायची होती. म्हटलं, खोकी उतरवताना जिन्यात गाठ पडेल. पण गाडी मागच्या दाराने लावली होती. मी ओट्याशी होते तोवर गेलेसुद्धा. हे मात्र खाली गेले होते. दोघं काही बोलले का विचारलं तर म्हणाले, "हातात हात दिला. बाकी त्याला माहीत आहे."

डबा दाराशी ठेवलेला सापडला. भरलेलं काढून घेऊन धुऊन पुसून ठेवलेला. आत चिठ्ठी. 'वहिनी, जमलं तर मला क्षमा करा.'

कशाची ते लिहिलेलं नाही. मग उमगलं. एक तारखेला सरावाला येत नाही म्हणाले होते, त्याची असणार. तेवढा एकच दिवस त्यांनी आम्हाला साथ दिली नव्हती. वेडे कुठले! ते तर मी दुसऱ्याच संध्याकाळी विसरले होते.

बहिणीचा पत्ता यांच्याकडून घेऊन उद्या कळवते, की त्याचं मनाला लावून घेऊ नका, तुम्ही शेवटपर्यंत बसलात तेच आमच्यावर उपकार.